हेलेबोर

मोरवेल कुलातील (रॅनन्क्युलेसी) हेलेबोरस या प्रजातीतील बहुवर्षायू ओषधींना (नरम खोडाच्या लहान वनस्पतींना) हेलेबोर म्हणतात. बचनाग आणि कलौंजी याच कुलातल्या. प्रजातीत सुमारे २० जाती असून त्यांतील बहुतेक बाल्कन द्वीपकल्पातील आहेत. बाकीच्या आल्प्स, पश्चिम युरोप, तुर्कस्तान व कॉकेशस या भागांत आढळतात. हेलेबोरस थिबेटॅनस ही एकच जाती दूर चीनमध्ये आहे. बागांमध्ये ‘ख्रिसमस रोझ’ म्हणून ओळखली जाणारी पांढऱ्या फुलांची हेलेबोरस (पुढे ‘हे.’) नायगर आणि हे. ओरिएंटॅलिसपासून तयार झालेले ‘लेंटेन रोझ’ नावाचे रंगीबेरंगी संकर विशेष लावले जातात. गुलाबाशी दोन्हींचे काही नाते नाही.

हेलेबोर पानझडी जंगलाच्या तळाशी किंवा कडेला वाढते. झाडांना पालवी फुटण्याआधी जे ऊन जमिनीपर्यंत पोचते, त्यावर ते डिसेंबर ते एप्रिलच्या दरम्यान फुलून घेते. फुलाच्या पाच ‘पाकळ्या’ म्हणजे खरे तर संदले (कळीला बाहेरून झाकणारी दले). खऱ्या पाकळ्यांची लहान नळीसारखी मधुप्रपिंडे (मकरंद स्रवणाऱ्या ग्रंथी) झालेली असतात. ती आणि केसरदले (पुंकेसर) गळून गेली तरी संदले हिरवट होत कित्येक आठवडे टिकतात, त्यामुळे बहर लांबलेला दिसतो. कडक हिमतुषारात फुलांचे दांडे जमिनीवर लोळतात आणि ऊब मिळताच पुन्हा उभे राहतात. हे पाहून रोप मेले असे समजून ते उपटू नये. हे. फोएटिडस या जातीच्या मकरंदात वाढणारे यीस्ट साखर आंबवताना फुलाला ऊब देते, असे स्पेनमधील संशोधकांनी २०१० मध्ये दाखवून दिले. थंडीत फुलणाऱ्या वनस्पतींबद्दलच्या शोधांत याहून सुंदर शोध क्वचितच सापडेल.

लागवडीचे सगळे नियम या जंगलातूनच येतात. हिवाळ्यात ऊन आणि उन्हाळ्यात सावली मिळावी म्हणून पानझडी झाडाखालची किंवा झुडपांमधली जागा निवडावी. मुळे खोल जातात, तेव्हा माती खोलवर भुसभुशीत करून तिच्यात कुजलेल्या पालापाचोळ्याचे खत भरपूर मिसळावे. निचरा उत्तम हवा. हिवाळ्यात पाणी साचले की मुळे कुजतात. हे. नायगरला चुनखडीयुक्त माती मानवते. दोन रोपांत सुमारे ४५ सेंमी. अंतर ठेवून, कोंबांचा माथा मातीत गाडला जाणार नाही अशा बेताने लावावे. पहिल्या उन्हाळ्यात पाणी द्यावे लागते, पण एकदा रुजल्यावर वर्षानुवर्षे रोप जागचे हलवू नये.

संकरित जातींची जुनी पाने डिसेंबर-जानेवारीत, कळ्या वर येण्यापूर्वी, बुडापासून कापावीत. पानांवर काळे-तपकिरी डाग पाडणारी बुरशी जुन्या पानांवरूनच नव्या फुलांवर जाते. शिवाय खाली मान घालून उमलणारी फुले पाने काढल्यावर मोकळी दिसतात. हे. फोएटिडसला मात्र हा नियम लावू नये. तिची फुले पानांच्याच खोडावर येतात, म्हणून बी धरून झाल्यावर फुललेले खोड बुडाशी कापतात. तिच्यासारख्या खोडवाल्या जाती फोडून लावता येत नाहीत, त्या बियांपासूनच करतात. बाकीच्यांचे गड्डे शरद ऋतूच्या सुरुवातीला फोडता येतात.

बी मे-जूनमध्ये पिकते. त्याला चिकटलेल्या स्निग्ध भागासाठी मुंग्या ते ओढून नेतात आणि रोपे भलतीकडे उगवतात. बी ताजे असतानाच पेरावे, हे इथे सर्वांत महत्त्वाचे. त्याला आधी उन्हाळ्याची दमट ऊब व मागून थंडी लागते, तेव्हा कुठे पुढल्या हिवाळ्यात अंकुर दिसतो. वाळवून ठेवलेले बी उगवायला वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ घेते. रोप साधारण तिसऱ्या वर्षी फुलते. संकरांची रोपे आईसारखीच निघतील असे नाही, म्हणून विशिष्ट रंग हवा असेल तर रोपवाटिकेतून फुलावर आलेले रोप पाहून आणणे बरे.

कीड-रोगांत ‘ब्लॅक डेथ’ हा विषाणुजन्य रोग सर्वांत वाईट. पानांच्या शिरांलगत काळ्या रेषा उमटतात आणि वाढ खुंटते. त्यावर इलाज नाही. रोप मुळासकट काढून नष्ट करावे, कंपोस्टमध्ये टाकू नये. मावा हा रोग पसरवतो असे मानले जाते, म्हणून त्याच्यावर लक्ष ठेवावे.

सर्व भाग विषारी असून काही जातींमधील हेलेब्रिन हे विषारी द्रव्य हृदयावर परिणाम करते. रसाने त्वचेची आग होते, म्हणून छाटणी करताना हातमोजे घालावेत. प्राचीन ग्रीसमध्ये वेडावर औषध म्हणून हेलेबोर देत आणि त्यासाठी अँटिकिरा हे गाव प्रसिद्ध होते. मात्र त्या काळी ‘पांढरे हेलेबोर’ म्हटली जाणारी वनस्पती व्हेराट्रम या वेगळ्या प्रजातीतली आहे. युनानी वैद्यकात हेलेबोरला ‘खरबक स्याह’ म्हणतात, तर भारतात अनेकांना ते होमिओपॅथीतील ‘हेलेबोरस नायगर’ या नावानेच ठाऊक असते. महाराष्ट्रातील मैदानी हवेत बियांना लागणारी थंडी मिळत नाही आणि पावसाळ्यातील ओल मुळांना सोसत नाही, त्यामुळे इथे त्याची लागवड होत नाही. ब्रिटन किंवा उत्तर अमेरिकेच्या थंड भागात राहणाऱ्यांना ते कुंडीतही सहज लावता येते, फक्त कुंडी खोल हवी.