गेटवेच्या दगडातलं मीठ

२ डिसेंबर १९११ रोजी राजा पंचम जॉर्ज आणि राणी मेरी मुंबईत अपोलो बंदरावर उतरले. त्या प्रसंगाची आठवण म्हणून गेटवे ऑफ इंडिया उभा राहिला, पण त्या दिवशी राजा-राणीला पाहायला मिळाली ती फक्त पुठ्ठ्याची प्रतिकृती. कोनशिला बसली ३१ मार्च १९१३ रोजी. आधी समुद्रात भराव घालून जमीन तयार करायची होती, नवी संरक्षक भिंत बांधायची होती. पाया पुरा व्हायला १९२० उजाडलं. वास्तुरचनाकार जॉर्ज विटेट यांची ही कमान व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांच्या हस्ते खुली झाली ४ डिसेंबर १९२४ रोजी. पुढे २८ फेब्रुवारी १९४८ ला भारतातली शेवटची ब्रिटिश पलटण याच कमानीखालून बोटीकडे गेली. समोरून सरळ येणारा रस्ता पैशांअभावी झालाच नाही, म्हणून आजही गेटवेकडे तिरकंच यावं लागतं.

हा इतिहास बहुतेकांना ठाऊक असतो. मला जास्त ओढ आहे ती त्या भिंतींच्या आत काय चाललंय याची. खरोडीच्या खाणीतला पिवळसर दगड, ग्वाल्हेरहून आणलेल्या जाळ्या आणि त्यांच्या जोडीला त्या काळात नवलाईचं असलेलं सळ्यांचं काँक्रीट, अशी ही इमारत आहे. मधला घुमट ४८ फूट व्यासाचा. आणि समोर चोवीस तास खारा वारा.

जुन्या घराच्या भिंतीला ‘लोणा’ लागतो तो आपण पाहिलेला असतो. बोट फिरवलं की पांढरी भुकटी हाताला लागते, तिच्याखालचा गिलावा भुसभुशीत झालेला असतो. दगडाचंही तसंच होतं. दगडाला बारीक छिद्रं असतात, त्यांत खारं पाणी मुरतं. उन्हात पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं आणि त्याचे स्फटिक वाढताना छिद्रांच्या भिंतींवर आतून रेटा देतात. हवा दमट झाली की मीठ पुन्हा विरघळतं, कोरडी झाली की पुन्हा स्फटिक. वर्षानुवर्षं हे चालू राहिलं की दगडाचे पापुद्रे सुटायला लागतात.

काँक्रीटमधल्या सळीची गोष्ट याहून वाईट. ताज्या काँक्रीटमधल्या अल्कलीमुळे लोखंडावर एक अतिशय पातळ संरक्षक थर धरतो. मिठातला क्लोराइड तो थर फोडतो, लोखंडाला गंजायला लावतो आणि त्या क्रियेत स्वतः खर्ची न पडता पुढच्या कामाला मोकळा होतो. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा मागतो. ती जागा मिळवण्यासाठी तो काँक्रीटला तडा पाडतो आणि त्या तड्यातून आणखी पाणी आत शिरतं.

मार्च २०२३ मध्ये लोकसभेत गेटवेच्या पाहणीची माहिती देण्यात आली. पृष्ठभागावर काही ठिकाणी भेगा, सांध्यांत उगवलेली रोपं, घुमटावरच्या जलरोधक थराचं आणि काँक्रीटचं नुकसान. एकंदर बांधकाम मात्र शाबूत. या तिन्हींत मला घुमटच सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण वरून पाणी मुरत राहिलं तर खालची सगळी डागडुजी फुकट जाते.

अशा वास्तूची दुरुस्ती करताना दगडातलं मीठ बाहेर काढायची एक साधी रीत आहे. कागदाचा लगदा किंवा माती शुद्ध पाण्यात भिजवून दगडावर थापायची. पाणी आत शिरून मीठ विरघळवतं, लेप वाळताना ते खारं पाणी बाहेर ओढून घेतो. मग वाळलेला लेप काढून त्यातलं मीठ मोजायचं, नवा लेप लावायचा. मिठाचं प्रमाण अगदी खाली येईपर्यंत हे चालतं. पिंपळाचं रोपही नुसतं वरून छाटून भागत नाही. मूळ जिवंत राहिलं तर पुढच्या पावसात ते पुन्हा फुटतं, आणि दरम्यान सांधा आणखी उघडलेला असतो.

सांधे भरताना सिमेंटचा मोह आवरावा लागतो. घट्ट सिमेंटमधून ओल बाहेर पडू शकत नाही, ती दगडातून वाट काढते आणि कडेचा दगडच झिजतो. चुन्याने भरलेला सांधा मऊ, ओलीला वाट देणारा. मीठ त्याच्यात साठतं, झिजतो तोही तोच. खरवडून तो पुन्हा भरता येतो. खरोडीच्या दगडावरची शंभर वर्षांपूर्वीची छिन्नीची खूण एकदा गळून पडली की ती परत आणता येत नाही.