जॉबर (मुकादम)

मुंबईच्या कापडगिरण्यांत एखाद्या खात्यातील यंत्रे आणि त्यांवर राबणारी माणसे या दोहोंवर देखरेख करणारा पर्यवेक्षक. माणसे कामाला लावणे, गैरहजर कामगाराच्या जागी बदली घेणे, हजेरी, शिस्त, नवशिक्याला काम शिकवणे, अडलेला साचा (माग) चालू करणे आणि नको असलेल्याला घरी बसवणे, ही सगळी कामे एकाच माणसाकडे असत. आजच्या कारखान्यात ती कर्मचारी विभाग, देखभाल विभाग आणि पाळीचा सुपरवायझर यांच्यात वाटलेली दिसतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १९३० च्या दशकापर्यंत जॉबरचा अंमल सर्वाधिक होता. पुढे कायदे, कामगार संघटना आणि गिरण्यांतील लेबर ऑफिसर यांमुळे तो टप्प्याटप्प्याने कमी झाला.

शब्द : ‘मुकादम’ हा शब्द अरबी ‘मुकद्दम’ यावरून फारसीमार्गे मराठीत आला. ‘पुढे ठेवलेला’, ‘अग्रस्थानी असलेला’ हा त्याचा मूळ अर्थ. दख्खनच्या सुलतानी काळातील आणि त्यानंतरच्या मराठी कागदपत्रांत ‘मोकदम’ हे रूप आढळते. तेथे त्याचा अर्थ गावचा पाटील असा आहे. सारावसुली, गावाचा बंदोबस्त आणि सरकार व रयत यांच्यातील मध्यस्थी ही त्या मोकदमाची कामे होती. इंग्रजी अमदानीत गावपातळीवर ‘पाटील’ हाच शब्द रूढ राहिला. ‘मुकादम’ मात्र बंदर, रस्तेबांधणी, नगरपालिकेची सफाई, गोदामे आणि गिरण्या येथील मजुरांच्या टोळीप्रमुखाला चिकटला. हे अर्थांतर नेमके केव्हा घडले याविषयी एकमत नाही. रेल्वे आणि बंदराच्या कामांवर मोठ्या संख्येने मजूर जमू लागले त्या सुमारास, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या आसपास, ते घडले असावे. गावच्या पाटलाचा अधिकार वतनाचा होता, तर टोळीच्या मुकादमाचा अधिकार मालकाच्या मर्जीचा. तरीही दोघांच्या कामात बरेच साम्य राहिले. वरच्याला हवे ते खालच्यांकडून करवून घ्यायचे आणि त्या व्यवहारात आपला वाटा राखायचा, ही रीत दोन्हींकडे होती.

‘जॉबर’ हा इंग्रजी शब्द गिरण्यांबरोबर आला. इंग्रजीत तो ठोक काम घेणाऱ्याला आणि दलालालाही लावतात. या दुसऱ्या अर्थामुळे काही अभ्यासकांनी जॉबरला मुळात कंत्राटदार मानले आहे. लँकेशायरमध्ये मागांची निगा राखणाऱ्या माणसाला टॅकलर किंवा ओव्हरलुकर म्हणत, आणि मुंबईतील पहिले तंत्रज्ञ बरेचसे तेथूनच आले होते. तरी त्या संज्ञा मुंबईत रुजल्या नाहीत, हे लक्षात घ्यायला हवे. येथील माणसाचे काम तेथल्या टॅकलरहून वेगळे होते, असा तर्क त्यावरून करता येतो. इतर प्रदेशांत याच जातीच्या माणसाला निरनिराळी नावे आहेत. कलकत्त्याच्या तागगिरण्यांत तो सरदार, दक्षिणेत मेस्त्री, तर सिलोन आणि मलायाच्या मळ्यांवर कंगाणी. अहमदाबादेत मुकादम हाच शब्द चालला. मुंबईत कागदोपत्री ‘जॉबर’ आणि बोलण्यात जॉबर किंवा मुकादम असे दोन्ही ऐकू येत.

उगम : कावसजी नानाभाई दावर यांची बॉम्बे स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी १८५४ मध्ये स्थापन झाली आणि १८५६ मध्ये तिचे उत्पादन सुरू झाले. जॉबरपद्धती या पहिल्याच गिरणीपासून होती की १८७० च्या दशकातील गिरण्यांच्या वाढीबरोबर ती आकाराला आली, हे निश्चित सांगणे कठीण आहे. १८७५ पासून नेमल्या गेलेल्या फॅक्टरी कमिशनांच्या कामकाजाच्या काळात मात्र ती पक्की रुजलेली होती.

ती का रुजली याविषयी तीन मते आहेत. पहिले मत भाषेचे. मालक पारशी, भाटिया किंवा गुजराती, मास्तर (खात्याचे तांत्रिक प्रमुख) पुष्कळदा इंग्रज आणि कामगार बहुतांशी कोकण व देशावरचे मराठी. तेव्हा मधे दुभाषा हवाच होता, असे हे मत सांगते. यात तथ्य असले तरी ते अपुरे आहे. वरच्या जागांवर देशी माणसे आल्यानंतरही जॉबर हटला नाही. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधून शिकून आलेल्या मास्तरांना कामगारांची भाषा परकी नव्हती. दुसरे मत मजूरटंचाईचे. मुंबईत माणसे मिळत नसत, म्हणून गावाशी नाते असलेला माणूस भरतीसाठी लागे, असे गिरणीमालक वारंवार सांगत. अमेरिकन अर्थेतिहासकार मॉरिस डेव्हिड मॉरिस यांनी १९६५ मध्ये हे मत खोडून काढले. गिरण्यांना मजुरांची खरी टंचाई क्वचितच भासली, कामगारांचे नियमन जॉबरवर सोपवणे ही मालकांनी सोयीसाठी केलेली निवड होती, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

तिसरे मत इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांचे. कापडाची मागणी सतत वरखाली होत असल्याने मालकांना मजूर हवा तेव्हा घेता आणि हवा तेव्हा सोडता यायला हवा होता. त्यासाठी गिरणीच्या दाराबाहेर, म्हणजे चाळीत, खानावळीत आणि तालमीत, ज्याचे वजन आहे असा माणूस उपयोगी पडे. पण याच वजनासाठी जॉबरला वस्तीतील लोकांची मर्जी सांभाळावी लागे. त्यामुळे सरकारी अहवालांत दिसतो तितका तो सर्वशक्तिमान नव्हता. उपलब्ध पुराव्याशी हे तिसरे मत अधिक जुळते. विशेषतः संपाच्या काळात जॉबर कधी मालकाकडे, कधी कामगारांकडे का झुकतो, याचा उलगडा त्यातून होतो.

अधिकारांची उतरंड : सर्वांत वर मॅनेजिंग एजंट. पैसा, कापूसखरेदी आणि विक्री त्याच्या पेढीकडे असे. ही मॅनेजिंग एजन्सीची पद्धत ३ एप्रिल १९७० पासून कायद्याने बंद झाली. एजंटाखाली मॅनेजर. फॅक्टरी कायद्याखालील तपासनिसाला उत्तर देण्याची जबाबदारी मॅनेजरवर असे, मात्र खात्यात रोज काय चालते हे पुष्कळदा त्याला मास्तरांकडूनच कळे. त्याखाली कताईचा स्पिनिंग मास्तर आणि विणाईचा वीव्हिंग मास्तर, त्यांचे मदतनीस, मग हेड जॉबर आणि शेवटी लाईन जॉबर. साळखात्यातल्या, म्हणजे विणाईखात्यातल्या, लाईन जॉबरकडे साच्यांची एक ओळ असे. त्याची कमाई बहुधा त्या ओळीतल्या उत्पादनाशी जोडलेली असे. साचा बंद पडला तर विणकराबरोबर जॉबरचाही तोटा होई. म्हणून चांगला जॉबर आधी चांगला फिटर असावा लागे. ही तांत्रिक बाजू सुधारकांच्या लेखनात जवळजवळ हरवते. लाच आणि दादागिरीवर पानेच्या पाने खर्च होतात, पण साच्याची ठोकर ऐकून बिघाड ओळखणाऱ्या माणसाविषयी चार ओळी मिळणे मुश्किल. गिरणीत जुन्या विणकरांना विचारले असते तर क्रम बहुधा उलटा लागला असता.

विंडिंग आणि रीळिंग, म्हणजे सूत गुंडाळण्याच्या, खात्यांत स्त्रिया असत. त्यांच्यावरच्या स्त्री-मुकादमाला नायकीण म्हणत. तिच्या कामाचे स्वरूप जॉबरसारखेच होते, पण तिच्याविषयीच्या नोंदी तुटपुंज्या आहेत.

दस्तुरी आणि बदली : नोकरी लावून दिल्याबद्दल, ती टिकवल्याबद्दल किंवा रजेवरून परतल्यावर पुन्हा घेतल्याबद्दल जॉबरला द्यावयाच्या रकमेला दस्तुरी म्हणत. जॉबर अनेकदा सावकारी करी, खोली भाड्याने देई, खानावळीत किंवा दुकानात भागी ठेवी. पगार हातात पडण्यापूर्वीच त्यातला काही भाग अशा वाटांनी त्याच्याकडे वळता होई. अधिकाराचे खरे हत्यार मात्र बदली हे होते. रोज सकाळी गिरणीच्या दारात बदली कामगार उभे राहत. कोणाचा खाडा झाला हे पाहून कोणाला आत घ्यायचे ते जॉबर बोटाने दाखवी. कायम कामगारालाही आपली जागा अशीच कोणीतरी घेईल याची जाणीव राही.

भरती नात्यागोत्यातून आणि गाववाल्यांतून होत असल्याने खात्यांची रचना जातवार झाली होती. साळखात्यात अस्पृश्य मानलेल्या जातींच्या कामगारांना सहसा प्रवेश नव्हता. धोट्यात (शटलमध्ये) सुताची नवी कांडी घातली की सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे आणि तेथे विटाळाचा प्रश्न पुढे केला जाई. विणाईचे काम जास्त मजुरीचे असल्याने या बंदीचा आर्थिक अर्थ उघड होता. १९२८ च्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हा प्रश्न संपाच्या नेत्यांपुढे ठामपणे मांडला. दोष एकट्या जॉबरचा नव्हता. विणकरांचा विरोध आणि मालकांची उदासीनता यांचाही त्यात वाटा होता. दारात कोणाला थांबवायचे हे प्रत्यक्ष ठरवणारा हात तेवढा त्याचा.

संप आणि संघटना : जानेवारी १९१९ आणि जानेवारी १९२० च्या सार्वत्रिक संपांच्या वेळी गिरणी कामगारांची टिकाऊ संघटना अस्तित्वात नव्हती. खात्याखात्यांत माणसे बाहेर काढण्याचे काम त्या काळात जॉबर करीत असे दिसते. ना. म. जोशी यांची बॉम्बे टेक्स्टाइल लेबर युनियन १९२६ मध्ये निघाली. १९२८ च्या एप्रिल ते ऑक्टोबर या काळात सुमारे दीड लाख कामगार संपावर होते. त्या संपातून पुढे आलेल्या गिरणी कामगार युनियनने गिरणीवार समित्या नेमल्या. तक्रार आता जॉबरला वळसा घालून समितीमार्फत थेट वर जाऊ लागली. मालकांइतकेच जॉबरही या समित्यांवर नाराज होते, यात नवल नाही.

व्हिटली आयोग आणि नंतर : १९२९ मध्ये नेमलेल्या शाही कामगार आयोगाने, म्हणजे जे. एच. व्हिटली यांच्या आयोगाने, १९३१ च्या अहवालात जॉबरपद्धतीची सविस्तर चिकित्सा केली. जॉबरच्या जागेवर इतकी प्रलोभने आहेत की त्यांचा फायदा घेतला गेला नसता तरच आश्चर्य, असा अहवालाचा सूर आहे. भरती आणि बडतर्फी जॉबरकडून काढून स्वतंत्र लेबर ऑफिसरकडे द्यावी, ही त्याची मुख्य शिफारस. जेथे स्त्रिया मोठ्या संख्येने आहेत तेथे त्यांच्या देखरेखीसाठी निदान एक शिकलेली स्त्री नेमावी, असेही आयोगाने सुचवले.

मुंबई सरकारने १९३४ च्या औद्योगिक तंटे समेट कायद्याने सरकारी लेबर ऑफिसरची तरतूद केली. १९३५ मध्ये मुंबईच्या गिरणीमालक संघाने बदली नियंत्रण योजना सुरू केली. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ठरावीक बदली कामगारांना कार्डे द्यायची आणि रिकाम्या जागा कार्डवाल्यांमधूनच भरायच्या, अशी ती योजना होती. कार्ड कोणाला मिळावे यात जॉबरचा शब्द चालत राहिला, म्हणून तिचा परिणाम मर्यादित मानला जातो. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने दंडाला रुपयामागे अर्ध्या आण्याची मर्यादा घातली. १९५० मध्ये सरकारने डीकॅज्युअलायझेशन योजना आणून बदली कामगारांची नोंदणी आपल्याकडे घेतली. फॅक्टरी कायदा, १९४८ अन्वये ५०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक झाले.

नागपूरच्या एम्प्रेस मिलचे उदाहरण याहून वेगळे आहे. १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झालेल्या या गिरणीत जमशेटजी टाटांनी मॅनेजर म्हणून बेझनजी मेहता यांना नेमले. ते रेल्वेतून आलेले होते, गिरणीतले नव्हते. नियमित हजेरीसाठी बक्षिसे आणि पुढे निवृत्तिवेतन निधी अशा उपायांनी कामगार टिकवण्याचा तेथे प्रयत्न झाला. सोलापुरातही १८७७ मध्ये पहिली गिरणी निघाली.

कायद्यातील स्थान : पर्यवेक्षक हा कामगार की व्यवस्थापनाचा भाग, हा प्रश्न औद्योगिक विवाद कायदा, १९४७ खाली वारंवार न्यायालयांपुढे आला. १९५६ च्या दुरुस्तीने पर्यवेक्षणाचे काम करणाऱ्यालाही ‘कामगार’ या व्याख्येत घेतले, मात्र दरमहा ५०० रुपयांहून अधिक वेतन असलेल्या पर्यवेक्षकाला वगळले. ही मर्यादा १९८२ च्या दुरुस्तीत १,६०० आणि २०१० मध्ये १०,००० रुपये झाली. औद्योगिक संबंध संहिता, २०२० मध्ये ती १८,००० रुपये आहे. पदाचे नाव निर्णायक नसते, माणूस मुख्यत्वे कोणते काम करतो ते पाहावे, ही न्यायालयांची सर्वसाधारण भूमिका. एखादा जॉबर दिवसाचा बहुतेक वेळ हाताने साचे दुरुस्त करीत असेल, तर त्याला पर्यवेक्षक ठरवणे या कसोटीवर अवघड जाते.

सद्यःस्थिती : १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या आणि त्यांच्याबरोबर शहरातील जॉबरही गेला. महाराष्ट्रात मुकादम हा शब्द आणि ते काम ऊसतोडीत टिकून आहे. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून कारखान्यांकडे जाणाऱ्या टोळ्या मुकादमच जमवतो. हंगामापूर्वी कारखान्याकडून पैसे घेऊन तो मजुरांना ‘उचल’ देतो. बहुधा नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता, असा हिशेब धरतात. उचल फिटेपर्यंत टोळी सोडता येत नाही. मजूर मधेच पळाला तर मुकादमाला ती रक्कम कारखान्याकडे भरावी लागते, आणि ती तो मग त्या मजुराच्या घरी जाऊन वसूल करू पाहतो.