फिनिक्स: लाभक्षेत्राच्या आतले आणि बाहेरचे

१ जून २०२३ रोजी अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या राज्य सरकारने फिनिक्स खोऱ्याचा भूजल अहवाल जाहीर केला आणि ‘फिनिक्सचे पाणी संपले’ अशा अर्थाचे मथळे ठिकठिकाणी छापून आले. ते चुकीचे होते. सोळा लाख वस्तीच्या या राजधानीच्या नळाला त्या निर्णयाने धक्का लागला नाही. अडले ते शहराबाहेरच्या, केवळ भूजलावर बेतलेल्या नव्या वसाहतींचे पाणी-दाखले. शहर आणि त्याची कड यांतली ही रेघ १९०३ साली आखली गेली.

खोऱ्यात पाट त्याआधीही होते. होहोकाम या इथल्या प्राचीन मूळ रहिवाशांनी सॉल्ट नदीतून शेकडो मैलांचे कालवे काढले होते आणि पंधराव्या शतकात ती वस्ती मोडली. १८६७ नंतर आलेल्या वसाहतकऱ्यांनी तेच बुजलेले पाट उकरून पाणी खेळवले. राखेतून उठणाऱ्या पक्ष्याचे नाव गावाला पडले ते यावरूनच. १८८९ मध्ये राजधानी प्रेस्कॉटहून इथे आली.

पुढे दुष्काळ आणि पूर यांच्या फेऱ्यांना कंटाळून शेतकऱ्यांनी धरणासाठी केंद्राकडे कर्ज मागितले. तारण म्हणून १९०३ मध्ये दोन लाखांहून अधिक एकर जमीन गहाण ठेवली. १९११ मध्ये रूझवेल्ट धरण उभे राहिले. १९९६ पर्यंत त्याची उंची आणखी ७७ फुटांनी वाढवली. आज त्याचा साठा आपल्या हिशोबात साधारण ७२ टीएमसी भरतो. त्या तारणाचा परिणाम मात्र धरणापेक्षाही टिकाऊ ठरला. ज्या जमिनी गहाण पडल्या त्यांनाच सॉल्ट आणि वर्दे नद्यांच्या पाण्याचा हक्क मिळाला आणि तो हक्क मालकाला नव्हे, जमिनीला चिकटला. १९१० च्या न्यायालयीन निवाड्याने तर एकेका तुकड्यावर पहिली लागवड कोणत्या साली झाली ते नोंदवले आणि त्या क्रमाने पाण्याचा अग्रक्रम लावून दिला. शेत मोडून घरे झाली तरी पाणी त्याच जमिनीवर राहते. लाभक्षेत्राबाहेर ते नेता येत नाही.

याचा जिवंत पुरावा शहराच्या जुन्या वस्त्यांत पाहावा. तिथे घराच्या अंगणाला अजूनही वीतभर उंचीचा मातीचा बांध असतो. उन्हाळ्यात साधारण दर चौदा दिवसांनी पाणीपाळी येते. ठरलेल्या वेळी, मग ती रात्री दोनची का असेना, मालकाने उठून अंगणातला व्हॉल्व्ह उघडायचा, हिरवळीवर काही इंच पाणी साचू द्यायचे आणि वेळ संपली की बंद करायचा. उशीर झाला तर पाणी बांधावरून शेजाऱ्याकडे जाते. कालव्याची दारे सांभाळणाऱ्याला तिथे स्पॅनिशमधून आलेला ‘सांहेरो’ हा शब्द आहे. आपला पाटकरीच. लाभक्षेत्राच्या हद्दीबाहेरच्या रस्त्यावर हीच हिरवळ हवी तर नळाच्या पाण्याचे बिल भरावे लागते.

बाहेरच्यांनी मग जमिनीखालचे पाणी उपसले. कापूस, लिंबूवर्गीय बागा, पुढे १९४९ पासून आलेले इलेक्ट्रॉनिक्सचे कारखाने आणि युद्धोत्तर घरबांधणी यांतली मोठी वाढ विहिरींवर झाली. शहराच्या पश्चिमेला लष्करी विमानतळाजवळची जमीन १९९२ पर्यंत सुमारे १८ फूट खचली. तिथल्या पुराच्या चराचा उतारच उलटा झाला आणि त्या वर्षी पावसाचे पाणी धावपट्टीवर शिरले. खचलेला भूस्तर पुन्हा फुगत नाही. वाळूच्या मधले चिकणमातीचे थर एकदा दाबले गेले की पाणी साठवण्याची जागा कायमची जाते.

उपाय म्हणून कोलोराडो नदीचे पाणी ५४१ किलोमीटर कालव्याने आणायचे ठरले. पहिल्याच पंपघरात ते ८२४ फूट वर चढवावे लागते. १९६८ मध्ये या प्रकल्पाला मंजुरी मिळाली, पण कॅलिफोर्नियाची मते मिळवण्यासाठी ॲरिझोनाने एक अट मान्य केली: टंचाई आली तर आधी या कालव्याचे पाणी कापायचे. केंद्रानेही पुढे बजावले की भूजल कायदा करा, नाहीतर कालव्याचा निधी थांबेल. त्यातून १९८० चा कायदा आला. अशा दबावाशिवाय तो झाला नसता.

या कायद्यातला ‘खात्रीचे पाणी’ हा शब्द नीट समजून घ्यायला हवा, कारण सगळा गोंधळ त्याच्यापाशी आहे. सहा किंवा अधिक प्लॉट पाडून विकायचे तर शंभर वर्षांचे पाणी प्रत्यक्षात, सलग आणि कायदेशीर हक्काने उपलब्ध असल्याचे दाखवावे लागते. फिनिक्स खोऱ्यात शंभर वर्षांनंतरही भूजलपातळी १,००० फुटांखाली जाता कामा नये. ही खात्री दोन प्रकारे मिळते. शहराला किंवा पाणीपुरवठादाराला एकत्रित मान्यता असते. फिनिक्सकडे ती आहे आणि तिच्यामागे मुख्यतः नद्यांचे पाणी आहे. जिथे अशी मान्यता नाही तिथे विकासकाला प्रत्येक वसाहतीसाठी वेगळा दाखला काढावा लागतो.

१९९३ मध्ये या चौकटीला एक खिडकी पाडली गेली. विकासकाने भूजल उपसावे, वसाहतीला एका पुनर्भरण यंत्रणेत सभासद करावे आणि त्या यंत्रणेने तीन वर्षांत तेवढे पाणी खोऱ्यात कुठेही जमिनीत मुरवावे. ‘कुठेही’ या शब्दाने घात केला. कागदावर जमा-खर्च जुळतो, पण मुरवण्याचे तलाव एकीकडे आणि विहिरी दुसरीकडे. मधल्या चिकणमातीतून पाणी आडवे सरकायला दशके लागतात. बकाय आणि क्वीन क्रीकसारखी कडेची गावे याच खिडकीतून वाढली. घरे स्वस्त झाली हे खरे, तरी माझ्या मते १९८० च्या कायद्याचे सर्वांत मोठे नुकसान याच सवलतीने केले.

२०२३ च्या अहवालात दिसलेली तूट शंभर वर्षांत ४८.६ लाख एकर-फूट (एक एकर-फूट म्हणजे एकरभर जमिनीवर फूटभर उभे राहील इतके पाणी) होती, म्हणजे सुमारे २१० टीएमसी. एकूण मागणीच्या ती साधारण चार टक्के. आकडा छोटा, पण कायद्याला तूट चालतच नाही, म्हणून केवळ भूजलावरचे नवे दाखले थांबले. आधी मंजूर झालेल्या सुमारे ८०,००० घरांना हात लागला नाही. पाच किंवा कमी प्लॉट पाडले तर दाखलाच लागत नाही ही पळवाटही तशीच राहिली. अशाच दाखल्याविना उभ्या राहिलेल्या एका वस्तीतल्या शेकडो घरांचे टँकर त्याच वर्षी १ जानेवारीला बंद झाले होते, कारण शेजारच्या शहराने आपले पाणी बाहेर द्यायला नकार दिला. २०२५ मध्ये शेती कायमची सोडून तिचे भूजल घरांना वापरण्याचा कायदा झाला. एकरी हिशोब केला तर घरांना कापूस आणि घासापेक्षा पाणी कमी लागते, त्यामुळे ही वाट मला योग्य वाटते.

 

बघायला जाणाऱ्याने ऑक्टोबर ते एप्रिल हा काळ धरावा. २०२३ मध्ये सलग ३१ दिवस पारा ४३ अंशांवर गेला आणि जिल्ह्यात उष्णतेने ६४५ माणसे दगावली. म्हणूनच अतिउष्णतेच्या इशाऱ्याच्या दिवशी २,७०४ फुटी कॅमलबॅकच्या वाटा सकाळपासून संध्याकाळी पाचपर्यंत बंद ठेवतात. साउथ माउंटन उद्यानाचे १६,००० एकर, वाळवंटी वनस्पतींची बाग आणि होहोकाम अवशेषांचे संग्रहालय आवर्जून पाहावे. शेजारच्या टेंपीत कोरड्या नदीपात्रात १९९९ मध्ये रबरी बंधाऱ्यांनी तळे अडवले होते. २०१० च्या जुलैत एक बंधारा फुटून ते एका रात्रीत रिकामे झाले. आता तिथे पोलादी दारे आहेत. सॉल्टचे पात्र एरवी कोरडेच असते, कारण वरच्या बाजूला सगळे पाणी दोन्ही काठांच्या कालव्यांत वळते.

कोलोराडोचा पहिला टंचाई आदेश २०२१ च्या ऑगस्टमध्ये निघाला आणि पुढल्या वर्षी ॲरिझोनाचे ५,१२,००० एकर-फूट पाणी कापले गेले. १९६८ च्या अटीने ते मुख्यतः याच कालव्यातून गेले. २००७ चे टंचाईवाटपाचे नियम २०२६ अखेरीस संपतात.