पन्नासची लेन्स ‘स्टँडर्ड’ झाली कशी?

नागपूरच्या महाल भागातल्या एका जुन्या घरात एका आजींचा आणि त्यांच्या नातवाचा फोटो काढायचा होता. खोली दहा बाय बारा, मधे दिवाण, खिडकीत कूलर. माझ्या कॅमेऱ्यावर नवीकोरी पन्नासची लेन्स, म्हणजे ५० मिलिमीटर फोकल लेंथची (हा आकडा जितका मोठा, तितकं कमी दृश्य फ्रेममध्ये मावतं). मागे सरकत सरकत पाठ भिंतीला लागली, तरी दोघं काही फ्रेममध्ये मावेनात. आजी पूर्ण आल्या की नातवाचा खांदा कापला जायचा. “काय जी, येत नाही का आम्ही दोघं?” आजींनी विचारलं. शेवटी मी उंबरा ओलांडून ओसरीत उभा राहिलो आणि दारातून फोटो काढला.

ती लेन्स मी सीताबर्डीतून आणली होती. दुकानदारानं सांगितलं होतं, “माणसांचेच फोटो काढायचे ना? मग पन्नास घ्या. स्टँडर्ड लेन्स आहे, डोळ्याला दिसते तसंच येते.” हा सल्ला आजही नागपुरात आणि सगळीकडेच नव्या माणसाला मिळतो. तो खोटा नाही. पण त्यात तीन वेगवेगळ्या काळांतल्या तीन गोष्टी एकत्र झाल्या आहेत, आणि त्या सुट्या केल्याशिवाय कोणती लेन्स घ्यावी ते कळत नाही.

सगळ्यात जुनी गोष्ट चेहऱ्याची. १८३९ मध्ये फ्रान्समधल्या दागेर यांची फोटो काढण्याची पद्धत जाहीर झाली, तेव्हा माणसाचा फोटो काढणं जवळजवळ अशक्य होतं. लेन्स इतकी कमी उजेड घेई की काही मिनिटं हलायचं नाही. हा अडसर दूर केला व्हिएन्नातले गणिताचे प्राध्यापक योझेफ पेट्सव्हाल यांनी. १८४० मध्ये त्यांनी खास माणसांसाठी लेन्स आखली. आकडेमोड प्रचंड होती, म्हणून ऑस्ट्रियाच्या तोफखान्यातली हिशेबात तरबेज माणसं त्यांच्या मदतीला दिली गेली. फॉइग्टलेंडर कंपनीनं ती लेन्स बनवली. अपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारं छिद्र, सुमारे एफ ३.६ (एफचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त), म्हणजे त्या काळच्या लेन्सपेक्षा कितीतरी पट उजेड आत येणार. मिनिटांचं काम सेकंदांवर आलं. या लेन्समध्ये मधला भाग धारदार येतो आणि कडांकडे चित्र विरघळत जातं. चेहऱ्यासाठी तो दोषही पथ्यावर पडला. मागचं धूसर, चेहरा स्पष्ट, ही आज ज्याला सगळे ‘ब्लर’ म्हणतात त्याची आवड तिथूनच लागली.

१८५४ मध्ये नागपूरकर भोसल्यांचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं, आणि त्याच वर्षी मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. १८६७ मध्ये रेल्वे नागपुरात पोचली. शहर मध्य प्रांताची राजधानी होतं, त्यामुळे साहेब, वकील, मालगुजार अशी फोटोची हौस आणि ऐपत असलेली मंडळी इथे होतीच. पुढची कित्येक दशकं माणसाचा फोटो म्हणजे स्टुडिओतला फोटो. रंगवलेला पडदा, खुर्ची, बाजूला तिपाईवर फुलदाणी, “ताठ बसा, हनुवटी जरा खाली.” अशा स्टुडिओत कॅमेरा पुढे-मागे फारसा हलायचा नाही आणि लेन्स असायची लांब, म्हणजे मोठ्या फोकल लेंथची. त्या काळच्या ‘हाफ प्लेट’ आकाराच्या निगेटिव्हचा कर्ण सुमारे २० सेंटीमीटर. चेहऱ्यासाठी वापरायची लेन्स त्याच्या दीडपट, कधी त्याहून जास्त.

दीडपट का, हे एका नाकावरून कळतं. माणसाच्या नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंत साधारण १२ सेंटीमीटर अंतर धरू. कॅमेरा नाकापासून ८० सेंटीमीटरवर असेल तर कान ९२ वर, म्हणजे नाक कानाच्या मानानं १५ टक्के मोठं उमटतं. तोच कॅमेरा दीड मीटरवर नेला की फरक ८ टक्क्यांवर येतो. चेहरा बसका किंवा फुगीर दिसणं हे लेन्सवर नाही, अंतरावर ठरतं. लांब लेन्स फक्त तुम्हाला मागे उभं राहायला लावते आणि तरी चेहरा फ्रेमभर देते. स्टुडिओवाल्यांना हे पाठ होतं. ‘नॉर्मल’ लेन्स आणि ‘पोर्ट्रेट’ लेन्स या त्यांच्यासाठी दोन निरनिराळ्या वस्तू होत्या.

नॉर्मलचा नियम सोपा आहे. फिल्मच्या चौकटीचा कर्ण जेवढा, साधारण तेवढ्या फोकल लेंथची लेन्स त्या चौकटीसाठी नॉर्मल. फोटो आपण साधारणपणे त्याच्या कर्णाइतक्या अंतरावरून बघतो, आणि मग अशा लेन्सनं काढलेल्या फोटोतलं जवळ-लांबचं अंतर आपल्याला ओळखीचं वाटतं. ‘डोळ्याला दिसते तसं’ या वाक्याचा मूळ अर्थ एवढाच.

दुसरी गोष्ट जर्मनीतल्या वेट्सलारची. लाइट्स कंपनीतले ऑस्कर बारनाक यांना दम्याचा त्रास होता आणि काचेच्या प्लेटांचा जड कॅमेरा डोंगरात वाहून नेणं झेपत नव्हतं. सिनेमाच्या ३५ मिलिमीटर फिल्मवर त्यांनी हातात मावणारा कॅमेरा बनवला, १९१३-१४ च्या सुमारास. सिनेमाची चौकट १८ बाय २४ मिलिमीटर, ती त्यांनी दुप्पट केली आणि २४ बाय ३६ झाली. तिचा कर्ण ४३.३ मिलिमीटर. म्हणजे नियमाप्रमाणे ‘स्टँडर्ड’ ४३ असायला हवी. पण १९२५ मध्ये लाइपझिगच्या व्यापारी जत्रेत हा कॅमेरा ‘लायका’ नावानं लोकांपुढे आला तो माक्स बेरेक यांनी आखलेली ५० मिलिमीटर, एफ ३.५ लेन्स घेऊन. इवल्याशा निगेटिव्हवरून मोठा फोटो करायचा तर कोपऱ्यापर्यंत चित्र स्वच्छ हवं, आणि थोडी लांब लेन्स कोपरे जास्त सहज सांभाळते. लायका चालला, बाकीच्यांनी तीच चौकट आणि तोच आकडा उचलला. (१९९७ मध्ये पेंटॅक्सनं ४३ ची लेन्स काढून कर्णाचा मान राखला. मला त्या कंपनीचं याबद्दल फार कौतुक आहे.)

पुढे फ्रेंच फोटोग्राफर आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी बहुतेक सगळं काम पन्नासवर केलं आणि या आकड्याला प्रतिष्ठा आली. पण त्यांच्या फोटोंत माणूस आणि त्याच्या भोवतीची जागा दोन्ही असतात. फ्रेमभर चेहरा हे त्या लेन्सचं काम त्यांनी कधी मानलेलं दिसत नाही.

आपल्या बाजूला याहून जवळचं आणि मला जास्त शिकवणारं उदाहरण आहे. नागपूरहून ७५ किलोमीटरवर सेवाग्राम. गांधीजी १९३६ मध्ये तिथे राहायला आले. त्यांच्या नात्यातले तरुण कनू गांधी आश्रमातच काम करायचे. त्यांना फोटो काढायचे होते. घनश्यामदास बिर्लांनी दिलेल्या १०० रुपयांतून रोलायफ्लेक्स कॅमेरा आला, आणि गांधीजींनी तीन अटी घातल्या. फ्लॅश वापरायचा नाही, पोझ द्यायला सांगायचं नाही, आणि आश्रम यासाठी पैसे देणार नाही.

या अटी आणि तो कॅमेरा एकत्र ठेवून बघा. रोलायफ्लेक्सची निगेटिव्ह चौकोनी, जवळपास ५६ बाय ५६ मिलिमीटर, कर्ण ७९. लेन्स ७५ च्या आसपास, घट्ट बसवलेली, काढता न येणारी. म्हणजे अगदी नियमाबरहुकूम नॉर्मल लेन्स. झूम नाही, दुसरी लेन्स नाही. जेमतेम एक मीटरच्या आत फोकस होत नाही, त्यामुळे नाक मोठं दिसण्याइतकं जवळ जाताच येत नाही. आणि या कॅमेऱ्यात वरून, पोटाशी धरून, खाली बघत फोटो काढायचा. फोटोग्राफर मान खाली घालून उभा, समोरच्याच्या तोंडावर काही रोखलेलं नाही. बापू कुटीत आजही गेलात तर ठेंगणं छत, मातीच्या भिंती आणि बांबू दिसतील. अशा जागेत, दारातून येईल तेवढ्या उजेडात, एका माणसाचं चालणं, लिहिणं, झोपणं कनू गांधींनी टिपलं. ते फोटो बघताना मला नेहमी वाटतं की तिथे फोटोग्राफर किती अंतरावर उभा आहे ते जाणवतं. घरातलं माणूस जितक्या लांब उभं राहील तितकंच. नॉर्मल लेन्स माणसं टिपते ती याच अंतरावरून. चेहरा एकटा येत नाही, हात येतात, समोरचा कागद येतो, शेजारचा माणूस येतो.

तिसरी गोष्ट कारखान्याची आणि किमतीची. १८९६ मध्ये त्साइसचे पाउल रुडोल्फ यांनी प्लानार आखली. दोन्ही बाजूंना जवळपास सारखी भिंगं, मधे अपर्चर. या रचनेत बरेच दोष आपोआप एकमेकांना खाऊन टाकतात. अडचण एकच होती, काच आणि हवा यांच्या सीमा फार, प्रत्येक ठिकाणी थोडा उजेड परत फिरणार आणि चित्र फिकं पडणार. १९३५ मध्ये त्साइसचेच अलेक्झांडर स्माकुला यांनी काचेवर पातळ लेप देण्याची युक्ती काढली आणि ही रचना खऱ्या अर्थानं कामाची झाली. आजची बहुतेक सगळी पन्नास १.८ हिच्याच वंशातली. आरशातून दृश्य दाखवणारे एसएलआर कॅमेरे आले तेव्हा लेन्सच्या मागे आरसा हलायला जागा लागू लागली. भरपूर उजेड घेणारी पन्नास तेवढी मागे जागा सोडून बसवणं सुरुवातीला जड जाई, म्हणून ५८ च्या लेन्स आल्या. आपल्याकडे अनेकांनी हाताळलेल्या रशियन झेनिटवरची हेलिओस ५८, एफ २ ची, ती याच घराण्यातली. पुढे आखणी सुधारली, पन्नास परत आली आणि कॅमेऱ्यासोबतच मिळू लागली. स्वस्त, हलकी, भरपूर उजेड घेणारी. ‘स्टँडर्ड’चा अर्थ हळूहळू ‘डब्यात येते ती’ असा झाला.

मग झूम आले आणि डब्यातून पन्नास बाहेर पडली. कॅननची प्लॅस्टिक माउंटची ५० एफ १.८ ची दुसरी आवृत्ती १९९० ची. वजन फक्त १३० ग्रॅम. शिकणाऱ्या एका अख्ख्या पिढीची पहिली प्राइम (झूम नसलेली) लेन्स ती होती. लग्नाच्या हॉलमध्ये, हळदीत, रात्रीच्या वरातीत कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ झूम (किट लेन्स) हात टेकते तिथे ही लेन्स फोटो आणून देते. तिचे उपकार मी विसरणार नाही.

पण तोवर कॅमेरा बदलला होता. २००३ मध्ये कॅननचा ३००डी आला आणि डिजिटल एसएलआर सामान्य माणसाच्या आवाक्यात आला. त्याचा सेन्सर, म्हणजे फिल्मच्या जागी चित्र टिपणारा भाग, फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान. निकॉनच्या अशा सेन्सरचा कर्ण सुमारे २८ मिलिमीटर. त्यावर ५० लावली की ती कर्णाच्या पावणेदोन पट होते. म्हणजे जुन्या स्टुडिओवाल्याची पोर्ट्रेट लेन्स! नाव ‘स्टँडर्ड’च राहिलं, काम मात्र पूर्ण बदललं. निकॉननं २००९ मध्ये याच सेन्सरसाठी ३५ एफ १.८ काढली, ती या कॅमेऱ्यांची खरी स्टँडर्ड. त्याआधी २००६ च्या डी४० पासून निकॉनच्या स्वस्त बॉडीत फोकसची मोटर नसायची. स्वतःची मोटर नसलेली जुनी ‘५० डी’ लेन्स त्यावर हातानंच फोकस करावी लागे, आणि सेकंडहँड घेताना आजही लोक इथे फसतात.

महालातल्या त्या खोलीचा हिशेब आता मांडता येतो. लहान सेन्सर, लेन्स ५०, अंतर दोन मीटर: फ्रेमची रुंदी सुमारे ९४ सेंटीमीटर. आजी आणि नातू ऐसपैस बसले तर मावणारच नाहीत. तिथेच ३५ लावली असती तर १३४. फुल फ्रेमवर, म्हणजे फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरवर, ५० असती तर १४४. उभ्या माणसाला पायापासून डोक्यापर्यंत थोडी मोकळी जागा ठेवून घ्यायचं, तर लहान सेन्सरवर पन्नास घेऊन १४ फूट मागे जावं लागतं. फुल फ्रेमवर ९ फूट पुरतात. नागपुरातल्या किती खोल्या १४ फूट मोकळ्या असतात?

उलट दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला गेलात, तर गावोगावहून आलेली माणसं झाडाखाली, सतरंजीवर निवांत बसलेली असतात. परवानगी घेऊन चार-पाच फुटांवर बसलं आणि लहान सेन्सरवर पन्नास असली, तर डोक्यापासून छातीपर्यंतचा फोटो फार सुंदर येतो. नाक वाढत नाही, मागची गर्दी विरघळते. पोळ्यानंतर निघणाऱ्या मारबतीच्या मिरवणुकीत हीच लेन्स निरुपयोगी. इतवारीच्या गल्लीत माणूस हातभर अंतरावर असतो, आणि मागे सरकायला जागा नसते. तिथे मी ३५ सुद्धा लांब पडलेली पाहिली आहे.

म्हणून कोणी विचारलं की मी आधी त्याचा कॅमेरा बघतो, आणि मग विचारतो की माणसं कुठे भेटणार आहेत. लहान सेन्सर आणि घरातले फोटो असतील तर ३५. लहान सेन्सर आणि फक्त चेहरे, बाहेर, मोकळ्यात, तर ५०. नवा फुल फ्रेम मिररलेस (आरसा नसलेला) कॅमेरा असेल तर ५०, किंवा निकॉनवाल्यांना २०२१ ची ४० एफ २, जी कर्णाच्या आकड्याला फार जवळ जाते. फुल फ्रेमवर पन्नास घेऊन डोकं-खांदे काढायला गेलात तर तीन फुटांच्याही आत जावं लागेल, तेव्हा त्यासाठी ८५ बघा. दुकानात जाण्याआधी आपल्याच घरात एक काम करा. किट लेन्स ३५ वर ठेवून, कडी हलू नये म्हणून चिकटपट्टी लावून, एक रविवार घरच्यांचे फोटो काढा. पुढचा रविवार ५० वर. कोणत्या रविवारी पाठ भिंतीला लागली ते लिहून ठेवा.

त्या आजींकडे मी नंतर ३५ घेऊन परत गेलो. दिवाण होता तिथेच राहू दिला. सहा फुटांवर बसलो, एफ २.८ वर, दारातून येणारा सकाळचा उजेड. आजी, नातू, मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर आणि आजींच्या मांडीवरची निवडायला घेतलेली मेथी, सगळं आलं.