ईस्टरचा अर्थ मुलांच्या हाती

ईस्टर म्हणजे क्रुसावर मेलेला येशू कबरेतून पुन्हा उठला, त्या घटनेचा सण. त्याच्या आधीच्या आठवड्यात शब्बाथशाळेतली, म्हणजे चर्चच्या धर्मशिक्षणाच्या वर्गातली, मुले मातीची कबर करतात, तिच्या तोंडाशी धोंड म्हणून एखादा गोटा लावतात आणि रविवारी सकाळी तो बाजूला सारून आत डोकावतात. हे सारे आधुनिक बालशिक्षणाकडून उसने घेतलेले आहे, असा समज सहज होतो. इतिहासाचा क्रम मात्र उलटा आहे. या सणाचे शिक्षण आधी हातांनी, पायांनी आणि जिभेने होत होते. छापील प्रश्नोत्तरे घोकून घेण्याची पद्धत फार नंतर आली.

मूळ वल्हांडण या यहुदी सणात सापडते. ‘या विधीचा अर्थ काय,’ असे मुले विचारतील तेव्हा मिसर देशातून झालेल्या सुटकेची हकिकत त्यांना सांगावी, अशी सूचना बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायातच आहे. आजही त्या रात्री घरातले सर्वांत लहान मूल प्रश्न विचारते आणि उत्तराचा अर्धा भाग बेखमीर भाकरीच्या व कडू भाजीच्या रूपाने त्याच्या पुढ्यातच असतो. येशूचे चरित्र सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांपैकी पहिल्या तिन्हींनुसार येशूचे शेवटचे भोजन वल्हांडणाचेच होते. गोव्यात ईस्टरला ‘पास्कांचे फेस्त’ म्हणतात, त्यातही वल्हांडणाचे हिब्रू नाव ‘पेसाह’ टिकून आहे.

चौथ्या शतकाच्या अखेरीस एजेरिया नावाची यात्रेकरू जेरुसलेमला गेली होती. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, जैतुनाच्या डोंगरावरून निघणाऱ्या मिरवणुकीचे वर्णन करताना, ज्यांना अजून चालताही येत नाही अशी मुलेसुद्धा आईबापांच्या खांद्यांवर बसून खजुराच्या व जैतुनाच्या फांद्या धरून येत, असे तिने लिहून ठेवले आहे. त्या मुलांना वेगळा धडा देण्याची गरज कोणाला वाटली नसावी.

अंड्यांची प्रथा मात्र स्वयंपाकघरातून वर आली. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात अंडी वर्ज्य असत, कोंबड्या काही ते पाळत नसत, त्यामुळे सणाच्या दिवशी अंड्यांची रेलचेल होई. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्या १२९० सालच्या हिशेबात ४५० अंड्यांसाठी १८ पेन्स खर्ची पडल्याची नोंद आहे. रंगवून व सोनेरी वर्ख लावून ती वाटायची होती. पूर्वेकडील ख्रिस्ती मंडळ्यांनी अंड्याला नेमका अर्थ दिला: लाल रंग ख्रिस्ताच्या रक्ताचा, कवच कबरेचे. म्हणून ग्रीक घरांत मुले एकमेकांच्या अंड्यावर अंडे आपटून ते फोडतात. चॉकलेटच्या अंड्यांनी ही खूण जवळजवळ पुसून टाकली, हे कबूल करावे लागेल.

मुद्रणकला आल्यावर शिक्षणाचे वळण बदलले. धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरची लहान प्रश्नोत्तरी (धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तररूप पुस्तिका) १५२९ साली निघाली, तर फादर थॉमस स्टीफन्स यांची गुरुशिष्यसंवादरूप कोकणी प्रश्नोत्तरी त्यांच्या मृत्यूनंतर, १६२२ मध्ये, गोव्यात रायतूरला छापली गेली. मजकूर शुद्ध राहिला; हात रिकामे झाले.

ते पुन्हा कामाला लावले इटलीच्या बालशिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरी यांनी. बार्सिलोना येथील त्यांच्या प्रयोगात प्रभुभोजनाच्या भाकरीसाठी व द्राक्षारसासाठी मुलांनी स्वतः गहू आणि द्राक्षवेली लावल्या. पुढे १९५४ साली रोममध्ये हिब्रूच्या अभ्यासक सोफिया काव्हालेत्ती आणि माँटेसरी-शिक्षिका जान्ना गोब्बी यांनी हेच सूत्र घेऊन मुलांसाठी वेगळे दालन उभे केले. तेथे जेरुसलेमची छोटी प्रतिकृती असते, येशूच्या शेवटच्या भोजनाची माडीवरची खोली असते आणि धोंड सरकवता येणारी कबरही असते. शिक्षिका वचन वाचते, बाहुल्या संथपणे हलवते आणि थांबते. मग मूल तेच स्वतःच्या हातांनी पुन्हा करते. ईस्टरच्या दिवसांत खोली अंधारी करून पास्काची मेणबत्ती पेटवतात आणि तिच्यावरून प्रत्येक मुलाची लहान मेणबत्ती उजळतात. स्पष्टीकरण आवर्जून कमी ठेवणे हे या पद्धतीचे खरे बळ आहे, असे मला वाटते.

अमेरिकेत पसरलेला बारा पोकळ अंड्यांचा संचही याच जातीचा आहे. एकात गाढव, एकात चांदीची नाणी, एकात काटे, एकात खिळा अशा येशूच्या अखेरच्या दिवसांच्या कथेतल्या वस्तू ओळीने निघतात आणि शेवटचे अंडे रिकामे निघते. फसगत झाल्यासारखे मूल क्षणभर पाहत राहते. कबरेपाशी आलेल्या स्त्रियांचेही तेच झाले होते. शिक्षकाने या क्षणी घाईने बोलू नये.

महाराष्ट्रात यासाठी फार सामान लागत नाही. मेलेल्या गव्हाच्या दाण्यातून पुष्कळ पीक येते, हे योहानाच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायातले वचन शिकवायला परळभर माती पुरते. शेजारच्या घरात नवरात्राच्या घटाखाली उगवलेले धान इथल्या मुलाने पाहिलेले असतेच. वसईकडे तर झावळीच्या पात्यांचा क्रूस विणायला घरातली थोरली माणसे शिकवतात. तो वर्षभर घरात राहतो, वाळून पिवळा पडतो आणि पुढल्या उपवासकाळाच्या तोंडावर चर्चमध्ये परत जातो. तेथे अशाच जुन्या झावळ्या जाळतात आणि राखेच्या बुधवारी, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, ती राख मुलाच्या कपाळावर लागते.