माळ्याच्या घरात वाढलेला बांधकामाचा कोर्स

लँडस्केप कन्स्ट्रक्शनचं, म्हणजे बाग, पायवाटा, भिंती जमिनीवर उभ्या करायच्या कामाचं, प्रोजेक्ट मॅनेजमेंट शिकवणारा ऑस्ट्रेलियन डिप्लोमा उघडून बघितला तर आत काय असतं? एस्टिमेट, टेंडर, लेव्हल काढणं, ड्रेनेज, सबकॉन्ट्रॅक्टर सांभाळणं, सेफ्टी, बिलं. आणि हा सगळा मसाला बसवलाय कुठे, तर हॉर्टिकल्चरच्या, म्हणजे बागकामाच्या, यादीत, नर्सरीवाले, लॉनवाले आणि झाडांच्या फांद्या छाटणारे यांच्या शेजारी. नवख्याला हे जरा विचित्रच वाटतं. बांधकामवाले तर गेली तीसेक वर्षं म्हणतायत की हे आमचं पोर चुकून तुमच्या घरात वाढतंय. हे पोर तिथे पोचलं कसं त्याचीच ही गोष्ट आहे.

फार जुनं थोडक्यात उरकतो. अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये वेगळा मॅनेजर वगैरे भानगडच नव्हती. ज्या माणसाने तिथल्या शंभरावर इस्टेटींचा नकाशा बदलून टाकला तो स्वतः बागेत उमेदवारी करून वर आलेला, डिझाइनही तोच करायचा, ठेकाही तोच घ्यायचा, प्रत्येक साइटवर एक भरवशाचा मुकादम ठेवायचा आणि टप्प्याटप्प्याने पैसे उचलायचा, म्हणजे आजच्या भाषेत डिझाइन-बिल्ड, फक्त तेव्हा त्याला काही नाव नव्हतं. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनातला तो प्रचंड काचेचा महालसुद्धा मुळात एका हेड गार्डनरच्या डोक्यातून निघालेला. न्यू यॉर्कच्या सेंट्रल पार्कचं काम १८५७ मध्ये ज्याच्या हाताखाली सुरू झालं तो आधी शेतकरी आणि पत्रकार होता, इंजिनिअरिंगची पदवी नाही की काही नाही, आणि हाताखाली मजूर पुढे हजारोंनी. साइट चालवायचं शिक्षण हे असं साइटवरच मिळायचं.

मग विसाव्या शतकाच्या तोंडावर वाटणी झाली. डिझाइन करणारा स्वतःला लँडस्केप आर्किटेक्ट म्हणवायला लागला, १९०० मध्ये अमेरिकेत त्याचा विद्यापीठातला कोर्स निघाला, आणि तो कोट घालून ऑफिसात गेला. झाडं वाढवणाऱ्यांच्या शाळा त्याच्याही आधीपासून होत्या, पॉट्सडॅमला १८२० च्या दशकात, व्हर्सायला १८७३ मध्ये. पण मधला माणूस, म्हणजे कागदावरचा नकाशा जमिनीवर उतरवणारा, त्याच्यासाठी कोणीच शाळा काढली नाही. तो मुकादमाच्या मागे फिरून शिकला, आणि माझ्या मते आजचा सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र या मधल्या माणसाशिवाय चालेना. नवी शहरं, मोटरवे, मोठमोठ्या वसाहती, आणि प्रत्येक टेंडरात शेवटी एक ओळ, 'लँडस्केप वर्क्स'. ही ओळ घेणारे ठेकेदार वेगळे झाले. त्याच काळात नर्सरीत डब्यात, पिशवीत झाडं वाढवायची पद्धत पसरली आणि लागवडीचं कॅलेंडर बदललं. त्याआधी थंड देशांत पानगळीची झाडं मुळं उघडी ठेवून, पानं गळलेली असतानाच उपटायची आणि लावायची, तो मोसम गेला की पुढच्या हिवाळ्यापर्यंत थांबा. डब्यातलं झाड जवळपास वर्षभर लावता येतं, म्हणून बिल्डरला वाटलं की आता झाड म्हणजे विटेसारखं मटेरियल झालं, ऑर्डर द्या, ट्रक येईल. हा गैरसमज आजही काही गेलेला नाही.

याच सुमाराला, १९५७-५८ मध्ये, अमेरिकेत क्रिटिकल पाथ आणि पर्ट या शेड्यूल मांडायच्या पद्धती निघाल्या, एक केमिकल प्लांटच्या कामातून आणि दुसरी नौदलाच्या मिसाइल प्रोग्रॅममधून. हळूहळू त्या सगळ्या बांधकामात शिरल्या आणि मग लँडस्केपच्या ठेकेदाराकडेही बार चार्ट मागायला लागले. पण त्या चार्टात 'फ्लोट' नावाची जी सवलत असते, म्हणजे हे काम आठ-दहा दिवस मागे गेलं तरी चालतंय, ती लागवडीला सरळ लागू होत नाही. भिंत दहा दिवस लांबली तर दहाच दिवस लांबते. उघड्या मुळांची लागवड दहा दिवस लांबली आणि कोंब फुटायला लागले तर ती एक वर्ष लांबते. हे गणित सॉफ्टवेअर सांगत नाही, ते कोणीतरी शिकवावं लागतं.

आता मुख्य वळण, १९८० आणि ९० ची दशकं. ब्रिटनमध्ये १९८६ पासून आणि ऑस्ट्रेलियात नव्वदच्या दशकात व्होकेशनल ट्रेनिंगची सगळी घडीच मोडून नवी बसवली गेली. आधी विचारायचे किती वर्षं उमेदवारी केलीस, आता विचारायला लागले काय काय करता येतं ते दाखव. मार्क नाहीत, पास-नापास नाही, निकाल दोनच, 'कॉम्पिटंट' किंवा 'अजून नाही'. कल्पना चांगली होती, विशेषतः ज्यांनी वीस वर्षं साइटवर काढलीत आणि हातात एकही कागद नाही अशांसाठी, कारण जुन्या कामांचे फोटो, ड्रॉइंग, बिलं, साइट डायरी दाखवून त्यांना थेट सर्टिफिकेट मिळण्याचा रस्ता उघडला. पण या पद्धतीत एक अट होती, प्रत्येक उद्योगाने आपापली कौशल्यांची यादी स्वतः लिहायची. म्हणजे आधी ठरवा तुम्ही कुठला उद्योग.

आणि इथेच पेच पडला. लँडस्केप कन्स्ट्रक्शन हा स्वतंत्र उद्योग धरायचा, बांधकामात घालायचा की हॉर्टिकल्चरमध्ये? ऑस्ट्रेलियात १९९७ पासून ट्रेनिंग पॅकेजेस, म्हणजे एकेका उद्योगाच्या कौशल्यांचे आणि सर्टिफिकेटांचे गठ्ठे, यायला लागली तेव्हा लँडस्केप गेलं हॉर्टिकल्चरच्या गठ्ठ्यात, नर्सरी, फुलशेती, टर्फ (हिरवळ), पार्क-गार्डन आणि झाडं सांभाळणारे यांच्यासोबत, आणि पुढे २०१० च्या आसपास तो अख्खा गठ्ठा शेती आणि जमीन-संवर्धनाच्या आणखी मोठ्या गठ्ठ्यात मिसळला. म्हणजे रिटेनिंग वॉल (माती अडवणारी भिंत) बांधणाऱ्याचं सर्टिफिकेट आणि मेंढ्या सांभाळणाऱ्याचं सर्टिफिकेट एकाच कपाटात. हसू येतं, पण आहे खरं.

बांधकामवाल्यांचं म्हणणं काय ते आधी सांगतो. बजेट बघा, ते म्हणतात, मोठ्या साइटवर पैसा जातो कुठे, तर खोदाई, भराव, काँक्रीट, पेव्हिंग, पायऱ्या, भिंती, पाइप, लाइट यांत, झाडांचा वाटा त्यामानाने बारीक. माणसं मरतात कशाने, तर खड्ड्याची बाजू ढासळून, मशिनखाली येऊन, गुलाबाचा काटा लागून नाही. कायदाही तेच धरून चालतो, न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलंडमध्ये स्ट्रक्चरल लँडस्केपिंगचं लायसन बिल्डिंगच्या कायद्याखाली येतं, म्हणजे लायसन बांधकामाचं आणि ते मिळवायला दाखवायचं सर्टिफिकेट हॉर्टिकल्चरचं. ब्रिटनमध्येही १९९५ पासून लागू झालेले बांधकाम-सुरक्षेचे नियम लँडस्केपच्या साइटला सोडत नाहीत. मग मॅनेजरने बांधकामाच्या वर्गात का बसू नये? मुद्दा चुकीचा नाही, हे कबूल करायलाच हवं.

जर्मनीत हाच वाद उलट्या बाजूने पेटला. तिथे लँडस्केप बांधणारा हा अधिकृतपणे 'गार्डनर'च, त्या धंद्याच्या सात शाखांपैकी एक, तीन वर्षांची उमेदवारी, पुढे मास्टरची परीक्षा. पण हा गार्डनर फरशी बसवायला लागला, रस्ते करायला लागला तेव्हा रस्तेबांधणीचे कारागीर चिडले, की हे आमचं काम, आमची परीक्षा न देता हे कसे करतात. प्रकरणं कोर्टात गेली, आणि नव्वदच्या दशकात साधारण अशी रेघ पडली की बागेच्या कामाचाच भाग म्हणून पेव्हिंग असेल तर चालेल, नुसतं पेव्हिंगच असेल तर नाही. म्हणजे तीच फरशी, तीच वाळू, तोच हातोडा, पण शेजारी हिरवळ असेल तर तुम्ही गार्डनर आणि नसेल तर घुसखोर.

माझं मत विचाराल तर हॉर्टिकल्चरमध्ये ठेवण्याचा निर्णय बरोबर होता, जरी तो घेताना फार खोल विचार झाला असेल असं मला वाटत नाही. कारण एकच शब्द, 'पूर्ण'.

बिल्डिंगच्या करारात प्रॅक्टिकल कम्प्लिशन नावाचा दिवस असतो. त्या दिवशी काम पूर्ण, चाव्या द्या, उशिराच्या दंडाचा मीटर बंद, रिटेन्शनचा, म्हणजे मालकाने बिलातून राखून ठेवलेला, अर्धा पैसा साधारणपणे मोकळा, आणि तिथून डीएलपी (डिफेक्ट्स लायबिलिटी पिरियड) सुरू, म्हणजे त्या मुदतीत काही तडकलं-गळलं तर ठेकेदाराने येऊन दुरुस्त करायचं. भिंतीला हे बरोबर लागू पडतं, कारण भिंत त्या दिवशी जशी असते तशीच पुढेही राहणार असते. झाडाचं तसं नाही. लावल्या दिवशी झाड छान दिसतं, नर्सरीत साठवलेल्या ताकदीवर पानं हिरवी असतात, फोटो मस्त येतो. ते लागलं की नाही हे कळायला एक वाढीचा हंगाम जावा लागतो. मग ते मेलं तर तो डिफेक्ट आहे की देखभालीतली चूक? ठेकेदार म्हणणार तुम्ही पाणी घातलं नाही, मालक म्हणणार तुम्ही लावलंच वाईट.

ब्रिटनमध्ये १९७८ मध्ये खास लँडस्केपसाठी वेगळा करारनामा निघाला त्यामागे हेच दुखणं होतं, मेलेल्या झाडांचं काय, लावल्यानंतर सांभाळायचं कोणी, आणि चोरी-नासधूस झाली तर भुर्दंड कोणावर. जर्मन नियमांनी तर शब्दच फोडून टाकला. तिथे लागवडीनंतर आधी 'पूर्ण करण्याची निगा' असते, आणि झाड धरलंय असं दिसल्यावरच काम ताब्यात घेण्याजोगं मानतात, त्यानंतरची निगा वेगळी, तिला 'वाढीची निगा' म्हणतात आणि तिचा हिशोबही वेगळा. इंग्रजी जगात या सगळ्याला एस्टॅब्लिशमेंट पिरियड, मेंटेनन्स पिरियड, डीएलपी अशी तीन नावं एकमेकांत घुसळून वापरतात आणि एकाच टेंडरात तीनही सापडतात, तीन वेगळ्या मुदतींसह. कोर्समध्ये कॉन्ट्रॅक्टचं युनिट शिकवताना निम्मा वेळ याच्यातच जातो आणि जायलाच हवा.

आणि झाड मरतं कसं ते बघितलं तर मॅनेजरला माती का कळायला हवी ते समजतं. चिकणमातीची ओली जमीन, एक्स्कॅव्हेटरच्या बकेटने खड्डा काढला, बकेटच्या घासण्याने खड्ड्याच्या बाजू लिंपल्यासारख्या गुळगुळीत झाल्या. वरून चांगली माती टाकून झाड लावलं. पाऊस पडला की पाणी त्या खड्ड्यात बादलीसारखं साचतं, बाजूने झिरपत नाही. मुळं गुदमरतात, पानं कडेने करपतात, मलूल होतात, आणि हे अगदी पाणी कमी पडल्यासारखंच दिसतं, म्हणून सुपरवायझर सांगतो अजून पाणी मारा. चार-सहा आठवड्यांत रांगच्या रांग साफ. शेड्यूल बरोबर, बजेट बरोबर, सेफ्टीची फाइल बरोबर. फावड्याने त्या बाजू खरवडायला खड्ड्यामागे दोन मिनिटं लागली असती. हे बांधकामाच्या वर्गात कोण शिकवणार?

असो. पुढे काय झालं तर वरची पायरी तयार झाली. आधी हाताने काम करणाऱ्याचं सर्टिफिकेट, ऑस्ट्रेलियन जिन्यात लेव्हल तीन, तेवढंच भक्कम होतं, आणि मॅनेजर व्हायचं तर हॉर्टिकल्चरचा साधारण डिप्लोमा घ्या आणि त्यात आवडीचे विषय निवडा. नंतर लँडस्केप डिझाइन आणि लँडस्केप प्रोजेक्ट मॅनेजमेंट असे दोन वेगळे डिप्लोमे उभे राहिले, दोन्ही लेव्हल पाच. १९०० ची ती वाटणी इथे पुन्हा दिसते, फक्त आता दोघंही एकाच गठ्ठ्यात आहेत. डिझाइनवाल्याकडे गर्दी जास्त जाते असं माझं निरीक्षण, ड्रॉइंग काढायला सगळ्यांना आवडतं, व्हेरिएशनचा क्लेम, म्हणजे करारातलं काम बदललं म्हणून पैशांची मागणी, लिहायला कोणाला आवडतो.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत कामच इतकं बदललंय की जुना वाद थोडा बाजूला पडला. पावसाचं पाणी जिरवणाऱ्या रेन गार्डन, ग्रीन रूफ, उभ्या बागा. चीनने २०१५ मध्ये १६ शहरांत 'स्पंज सिटी'चे, म्हणजे शहराने स्पंजसारखं पावसाचं पाणी शोषून घ्यावं असे, प्रयोग सुरू केले. या कामांत झाड आणि बांधकाम वेगळं काढताच येत नाही. रेन गार्डनमधली माती ही माती नसतेच, तो वाळूप्रधान फिल्टर असतो, त्यातून पाणी ठरावीक वेगाने उतरलं पाहिजे. खर्च वाचवायला तिथे साइटवरचीच टॉपसॉइल (वरच्या थरातली माती) ढकलली, किंवा भरल्यावर वरून रोलर फिरवला, की तुंबली. ग्रीन रूफवर ओल्या मातीचं वजन स्लॅबला झेपतं का हे इंजिनिअर काढून देतो, पण मातीच्या गोण्या एकाच कोपऱ्यात रचून ठेवू नका हे त्या दिवशी साइटवर असणाऱ्याला माहीत लागतं.

ही गरज भागवायला डिप्लोमाने एक जुगाड केलाय. काही युनिट बांधकामाच्या पॅकेजमधून उसनी, काही बिझनेसच्या पॅकेजमधून उसनी, बाकी स्वतःची. कागदावर मस्त दिसतं. पण बांधकामवाले त्यांचं युनिट त्यांच्या वेळेने बदलतात, नवा कोड देतात, जुना रद्द करतात, आणि हॉर्टिकल्चरच्या यादीत मात्र पुढची सुधारणा होईपर्यंत तोच रद्द झालेला कोड बसून राहतो.