25 लाख की लाखाच्याही आत? अमेरिकेतल्या बंदुकांचं गणित

अमेरिकेत बंदुकांवरून वाद पेटला की दोन्हीकडचे लोक एकमेकांवर आकडेच फेकतात. बंदूक हवीच म्हणणाऱ्यांचा हुकमी आकडा म्हणजे 25 लाख. वर्षाला इतक्या वेळा म्हणे लोक बंदुकीच्या जोरावर स्वतःला वाचवतात. आणि गुन्ह्यांबद्दलच्या सरकारी सर्व्हेतून तोच आकडा काढला तर लाखाच्याही आत येतो! थोडाफार फरक समजू शकतो हो, पण पंचवीस पट?

25 लाख आले कुठून, तर फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीचे गॅरी क्लेक आणि त्यांचे सहकारी मार्क गर्ट्झ यांच्या 1995 च्या पेपरमधून. साधारण 5,000 लोकांना फोन केले, त्यात 1.3 टक्क्यांच्या आसपास लोक म्हणाले की हो, गेल्या वर्षभरात आम्ही असं केलंय, मग त्याला देशातल्या 19 कोटी मोठ्या माणसांनी गुणलं. झालं.

हार्वर्डच्या डेव्हिड हेमेनवेंनी बोट ठेवलं ते इथेच. समजा 1,000 लोकांत खरंच एकाच्याच बाबतीत असं घडलंय. उरलेल्या 999 मधले फक्त 10 जण चुकून हो म्हणाले, कुणी फुशारकीत, कुणाला तीन वर्षांपूर्वीचं भांडण गेल्याच वर्षीचं वाटतं, तर हिशोब 11 वर गेला की! आणि उलट बाजूने चुकायला माणूस एकच, तो खोटं बोलला तर 1 चा 0 होईल, बस. म्हणजे गोष्ट दुर्मिळ असली की चूक एकाच दिशेला फुगत जाते. दुर्मिळ आजाराची टेस्ट सरसकट सगळ्यांची केली तर पॉझिटिव्हमध्ये ठणठणीत लोकच जास्त निघतात, त्यातलाच प्रकार.

पण सरकारी सर्व्हेत लोक खरं सांगत नाहीत, हे क्लेक यांचं म्हणणंही अगदीच उडवून लावण्यासारखं नाही. सरकारी माणूस दारात आलाय, त्याला तुमचा पत्ता माहितीये, आणि तुम्ही बिनपरवाना बंदूक घेऊन फिरत होता, तर सांगाल का? शिवाय त्या सर्व्हेत आधी ‘माझ्यावर गुन्हा घडला’ असं सांगितलं तरच पुढे बचावाचं विचारतात. मला स्वतःला 25 लाख पटत नाहीत, पण सरकारी आकडाही कमीच पडत असावा.

मग नीट संशोधन करून सोक्षमोक्ष का नाही लावला? कारण पैसाच अडवला ना. 1993 मध्ये आर्थर केलरमन या डॉक्टरांच्या टीमने दाखवलं की घरात बंदूक असेल तिथे घरातच खून होण्याचा धोका 2.7 पट दिसतो. विरोधक म्हणाले, ज्यांना आधीच धोका असतो तेच बंदूक घेतात, कारण-परिणाम उलटे धरलेत तुम्ही. शंका रास्त होती, आणि तिचं उत्तर आणखी अभ्यास करूनच मिळालं असतं. पण 1996 मध्ये संसदेने डिकी दुरुस्ती आणली, म्हणजे सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेचा पैसा बंदूक-नियंत्रणाच्या प्रचाराला वापरायला बंदी, आणि तिच्या बजेटमधून 26 लाख डॉलर कापले, म्हणजे बंदुकांच्या अभ्यासावर जेवढे खर्च होत होते बरोब्बर तेवढेच! ज्यांच्या नावाने ही दुरुस्ती आहे ते जे डिकी 2012 मध्ये स्वतःच म्हणायला लागले की संशोधन व्हायला पाहिजे. पैसे मंजूर झाले थेट 2019 च्या शेवटी, 2.5 कोटी डॉलर.

आणि एवढी हाणामारी चालते ती चोर, गुंड आणि खुनांवरून. 2021 मध्ये तिथे बंदुकीने 48,830 माणसं गेली, त्यातल्या 26,328 आत्महत्या होत्या.